मोकळेबाबांचा काळा लाडू

“झालं का?”

“झालं!”

“काळं?”

“काळंकुट्ट, बघा!”

हदगाव तालुक्यातल्या बोरतळ्यात त्या हिवाळ्यात माणसं सकाळी भेटली की रामराम घालायच्या आधी हे असं बोलायची. बोलणारे काही खुळे नव्हते. शेतीवाडीचे, नातवंडं असलेले, ग्रामपंचायतीत निवडून आलेले चांगले जाणते लोक होते. पण गावाबाहेरच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये मोकळेबाबा येऊन बसले आणि सगळ्या गावाचं लक्ष एकमेकांच्या पोटाकडे लागलं.

दर गुरुवारी दरबार. शेडसमोर जीपा, ऑटो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला बाप्ये, मध्ये गादीवर बाबा आणि बाबांच्या शेजारी माईक धरून त्यांचा पट्टशिष्य उमाशंकर. बाबांनी म्हणे बारा वर्षं हिमालयात नुसती हवा खाऊन काढली होती. नुसती हवा खाणाऱ्याला पोट साफ होण्यातलं एवढं कसं कळलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

“बोला! आज सकाळी किती जणांचं काळं झालं? हात वर करा! लाजू नका! एक, दोन... बावीस! बावीस जणांची करणी भायेर पडली! वाजवा टाळ्या!” उमाशंकर ओरडायचा आणि टाळ्यांनी पत्रे थरथरायचे.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. “पोटात काय अडकलंय? अन्न? अन्न कधी अडकतं का रे येड्यांनो? अन्न खाली जायालाच बनवलंय! अडकती ती करणी. जवळच्या माणसानं खाऊ घातलेली. माझा लाडू खा. सकाळी काळं पडलं तर समजा करणी व्हती. न्हाई पडलं, तर माझं नाव बदला!”

काळं तर पडायचंच. प्रत्येकाचं पडायचं. म्हणजे हदगाव तालुक्यात करणी न झालेला एकही माणूस उरला नव्हता, आणि तरीही ती करणारे कोण, हा हिशेब कोणाला लागत नव्हता.

या बावीस जणांत एक होते भुजंगराव. वय बासष्ट, पिळदार मिशा, अंगानं धडधाकट. पण गेल्या सात-आठ महिन्यांपासून पोटानं असहकार पुकारला होता. चार-चार दिवस काही हलायचं नाही. चूर्णं झाली, एरंडेल झालं, चहासोबत तंबाखूचा जादा बार झाला. कशाचाच उपयोग झाला नाही.

आधी भुजंगराव पहाटे उठून टमरेल घेऊन मळ्याकडे निघायचे. मळा दीड कोस. जाऊन, मोकळं होऊन, बैलांना वैरण टाकून परत येईपर्यंत कडकडून भूक लागलेली असायची. मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तांब्याभर ताक. पोटाला बंड करायला सवडच नसायची.

वैशाखात दयानंदाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक पोराचं, लग्न झालं. दयानंदाचं हदगावात खताचं दुकान. मुलगी लातूरकडची, औशाची, बी.एस्सी. झालेली. दीपमाला तिचं नाव. तालुक्याच्या गावची पोरगी बाहेर कशी जाईल, म्हणून दयानंदानं लग्नाआधी घरात फरशी घातली, चकाचक संडास बांधला आणि त्यात कमोड बसवला. उंच, पांढरा, खुर्चीसारखा. त्याच झटक्यात शेत बटईनं दिलं, बैल विकले आणि वडलांना मोटारसायकल घेऊन दिली. आता भुजंगराव पारापर्यंतसुद्धा मोटारसायकलवर जायचे. रानात सगळीकडे सोयाबीन, म्हणून ज्वारी संपली. घरात पोळी आली. सकाळी भाकरीच्या जागी चहा आणि चार-पाच टोस्ट. पाण्याचं म्हणाल तर, “थंडीत तहान लागतीच कुठं?”

आणि त्या कमोडवर पाय लोंबकळत ठेवून भुजंगराव अख्खा पेपर वाचायचे. छोट्या जाहिरातींसकट.

“आवो, उठा की आता!” त्यांची बायको साखराबाई बाहेरून दार वाजवायची.

“उठून काय करू? हितं हापिसात बसल्यावानी वाटून राहिलंय. हापिसात कधी काम व्हतं का?”

असं सगळं झालं होतं. पण गावानं यातली एकच गोष्ट ध्यानात धरली. वैशाखात सून आली आणि वैशाखातच पोट बसलं.

बाबांच्या पहिल्या लाडवानं भुजंगराव शुक्रवारी पहाटेच मोकळे झाले. काळंभोर. साखराबाईनं गल्लीत पेढे वाटले. पुढच्या गुरुवारी दोघं हात जोडून बाबांसमोर बसले, तेव्हा बाबांनी डोळे मिटले, मान हलवली आणि एकदम आवाज चढवला.

“भार हलका झाला. पण मूळ घरातच हाय! दक्षिणेकडून आलंय. वैशाखात आलंय. बाईमाणूस हाय. दोन जिवांची हाय!”

भुजंगरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. आता खरं तर दरबाराच्या दाराशी उमाशंकरनं नोंदणीच्या टेबलावर त्यांना सगळं विचारलं होतं. त्रास कधीपासून, घरात नवीन माणूस कोण, कुठलं, काही विशेष? आणि भुजंगरावांनी मिशीला पीळ देत सांगितलं होतं, “सून हाय, औशाची. पाचवा लागलाय.” पण आपणच सांगितलेलं अर्ध्या तासानं परत ऐकून थक्क होणारे भुजंगराव एकटेच नव्हते. असल्यांनीच शेड भरली होती.

“येत्या अमावस्येच्या आत तिला म्हायेरी पाठवा,” बाबा म्हणाले. “आन् मी सांगितल्याबिगर आणू नका. तिच्या व्हणाऱ्या लेकरालाबी शिवू नका.”

घरी आल्यावर साखराबाईनं फर्मान काढलं. अमावस्या पुढल्या शनिवारी. आदल्या दिवशी, शुक्रवारी, दयानंदानं बायकोला औशाला सोडून यायचं.

“तसंबी पयलं बाळातपण म्हायेरीच असतंय. चार महिने आधी गेली तर काय बिघडलं?”

“आई म्हणती तर...” दयानंद मोबाईलमध्ये बघत म्हणाला. खताच्या दुकानात भल्याभल्यांशी घासाघीस करणारा हा गडी आईसमोर पार मेणाचा व्हायचा.

बिघडलं काय ते भुजंगरावांना दोन दिवसांत दिसलं. नळावर दीपमाला गेली की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला सरकायच्या. शेजारच्या महानंदानं आपल्या नातवाला तिच्या कडेवरून ओढून घेतलं. आपला चष्मा फुटला होता तेव्हा महिनाभर रोज पेपर वाचून दाखवणारी पोरगी ही. आता कपाळावर हा डाग घेऊन निघालेली. अशी गेलेली सून परत येत नसते आणि तिचं लेकरूही येत नसतं, एवढं भुजंगरावांना कळत होतं. वाईटही वाटत होतं. पण काळं तर आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं ना!

सोमवारी दुपारी ते ओसरीवर बसले होते. समोर दीपमाला साड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत होती. मध्येच ती थांबली.

“मामा, एक विचारू का? राग धरू नका.”

“विचार.”

“तुमचं काळं झालं म्हणजे तुमच्यावर करणी. मग माझं तर दोन महिने झाले, रोजच काळं होतंय. माझ्यावर कोणी केली?”

भुजंगरावांना ठसका लागला. “अगं ए! सासऱ्यापाशी बोलायची गोस्ट हाय का ही?”

“सासऱ्याचं काळं झालं म्हणून गल्लीत पेढे वाटलेले चालतात, आणि मी नुसतं बोललेलं चालत नाही?”

आत स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचा आवाज अचानक बंद पडला. साखराबाई ऐकत होती.

“सरकारी दवाखान्यातून त्या लाल गोळ्या मिळतात ना पोटुशा बाईला, लोहाच्या,” दीपमाला सांगू लागली, “त्या घेतल्या की काळंच होतं. नर्सबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, घाबरू नका म्हणून. त्या गोळ्यांनी पोटही घट्ट होतं. म्हणून भरपूर पाणी प्या, पालेभाजी खा, रोज चाला, लागली की दाबून धरू नका. मी तसं करते, म्हणून माझं नीट चाललंय. तुम्हालाही सांगावं असं कितीदा मनात आलं. पण सुनेनं सासऱ्याला हे सांगायचं कसं? सांगितलं असतं तर ही पाळी आली नसती.”

“पन मी कुठं गोळ्या खाल्ल्या? मी तर लाडू खाल्ला.”

“आणा तो लाडू.”

या आठवड्याचा लाडू अजून न खाता देव्हाऱ्यातच होता. दीपमालानं तो पेल्यातल्या पाण्यात कुस्करला आणि फडक्यातून गाळला. गूळ विरघळून गेला. फडक्यावर उरली काळी पूड आणि पानांचा चुरा. तिनं पूड बोटावर घेऊन ओसरीच्या भिंतीवर रेघ ओढली. ठसठशीत काळी रेघ.

“कोळसा. चुलीतला. आणि हा पाला सोनामुखीचा. जुलाबासाठी कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. पोट हललं ते पाल्यानं, काळं झालं ते कोळशानं.”

भुजंगरावांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “असंल कोळसा. पन मंतरलेला कोळसा हाय त्यो.”

दीपमालानं कपाळावर हात मारला. “बरं. दोन दिवस मी देईन ते खा, मी सांगेन तसं करा. का म्हणून विचारायचं नाही. मग शुक्रवारी मी मुकाट जाते.”

एवढंच मागितलं पोरीनं. भुजंगराव हो म्हणाले.

झालं! टोस्टची बरणी फडताळाच्या वरच्या खणात गेली. हदगावातून ज्वारीचं पीठ आलं. दोन्ही वेळा भाकरी, मेथीची गरगट्टी भाजी आणि सोबत वाडगाभर लालभडक कोशिंबीर, दाण्याचं कूट घातलेली. शेजारी पाण्याचा तांब्या, तो संपवल्याशिवाय उठायचं नाही. मोटारसायकलची चावी दीपमालाच्या कनवटीला. पहाटे मळ्यापर्यंत पायी. आणि अडगळीतला जुना पाट कमोडसमोर.

“हे काय? तिथं काय पंगत बसवायची का?”

“पाय ठेवायचे पाटावर. गुडघे वर आले पाहिजेत, रानात बसत होता तसे. आणि पेपर बाहेर ठेवायचा. जमलं तर जमलं, नाही तर उठायचं. जोर करायचा नाही.”

मंगळवारी काही झालं नाही. भुजंगराव कुरकुरले. बुधवारी पहाटे मळ्यापर्यंत जाऊन आले, तांब्याभर कोमट पाणी प्याले, आणि ओसरीची पायरी चढताच पोटात जुनी, ओळखीची हाक आली. सात-आठ महिन्यांत ऐकली नव्हती अशी. ते जवळजवळ पळतच आत गेले. पाटावर पाय ठेवले. पाच मिनिटं. खलास!

समाधानानं त्यांनी उठून खाली बघितलं आणि बोंब ठोकली.

“दयाऽऽ! गाडी काढ! रगत! समदं लाल!”

धोतर हातात धरून भुजंगराव अंगणात. साखराबाईनं गळा काढला, “अगं बया, जाता जाता दुसरं काय खाऊ घातलंस गं!” दयानंद एका पायात चप्पल घालून गाडीची चावी शोधतोय आणि चावी बायकोच्या कनवटीला.

दीपमाला शांतपणे आतून वाडगा घेऊन आली. तळाला कालची कोशिंबीर उरलेली. “मामा, काल दोन वेळा हे काय खाल्लंत?”

भुजंगरावांनी वाडग्यात बघितलं. मग आपल्या बोटांकडे. नखांत अजून लाली होती.

“ह्ये... बीट?”

“बीट.”

मग भुजंगरावांच्या मिशा हलायला लागल्या. आधी नुसता खोकला आल्यासारखं झालं, मग ते हसत सुटले. पोट धरून, ओट्यावर बसून हसले. “मजी, जे खाल्लं त्येचाच रंग!”

“एवढंच आहे, मामा.”

हसता हसता ते थांबले. त्यांचं लक्ष दाराशी ठेवलेल्या भरलेल्या पिशवीकडे गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. “आन् तेवढ्यावरनं मी तुला घराभायेर काढून राहिलो व्हतो. चुकलं माझं, पोरी.” धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले. मग मिशीला पीळ दिला. “उद्या गुरुवार हाय न्हाई का?”

दुसऱ्या दिवशी शेड गच्च. उमाशंकर हात मोजत होता. भुजंगराव पहिल्या रांगेत उठून उभे राहिले.

“बाबा, आमचं काळं न्हाई झालं.”

शेडमध्ये कुजबुज. बाबांच्या भुवया वर गेल्या. उमाशंकरनं माईक जवळ आणला.

“लाल झालं. लालभडक.”

आता लाल हा रंग बाबांच्या शास्त्रात नव्हता. पण बारा वर्षांची हवा काही फुकट गेली नव्हती. त्यांनी हातातला चिमटा आपटला. “भानामती! लाल मजी भानामती! करणीची थोरली भईन!” बायांनी पदर तोंडाला लावले.

“कुणी केली, बाबा?”

“त्याच दक्षिणेच्या बाईनं! खाऊ घातलं तुला!”

“खाऊ तर घातलं, हाव. बरोबर बोलले तुमी. पन काय खाऊ घातलं तेबी सांगा ना.”

बाबांनी डोळे मिटले. “दिसून राहिलं... मला दिसून राहिलं... काळीज! घुबडाचं काळीज, रातीला मंतरलेलं!”

भुजंगरावांनी पिशवीत हात घातला आणि पाल्यासकट भलंमोठं बीट वर काढलं. “हे बघा घुबडाचं काळीज! हदगावच्या बाजारात ढीग लागलाय. ज्याला भानामती पायजे त्यानं घिऊन या!”

बाप्यांच्या बाजूनं जो हशा फुटला, त्यानं पत्रे पुन्हा थरथरले. भुजंगरावांनी गादीजवळचा एक लाडू उचलून तिथंच पाण्यात कुस्करला, फडक्यावर गाळला आणि कोळशाची रेघ बाबांच्या पांढऱ्या गादीवर ओढली. बायांत बसलेल्या दीपमालानं उठून सोनामुखीचं सांगितलं. ती म्हणाली, पाला एकदा हलवतो, पण दर आठवड्याला तोच घेत राहिलात तर आतडं आळशी होतं आणि त्याच्याशिवाय हलत नाही. म्हणून तर बाबांचं गिऱ्हाईक तुटत नाही.

“खोटं! ही तीच हाय! ही करणीवाली!” बाबा उठून उभे राहिले, तिच्याकडे बोट दाखवत. “काळं करणीचंच असतंय! बाया हो, सांगा हिला!”

बाया गप्प. हसणंही थांबलं. रंगाचं बाप्ये बोलतील, माईकवर बोलतील, पण बाया कशा बोलणार? दीपमालाचा चेहरा उतरला. नळावरून घागरी उचलणाऱ्या साऱ्या तिथंच बसलेल्या होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“माझंबी काळंच व्हतं.”

साखराबाई उभी होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरलाही नाही. “दया पोटात व्हता तव्हा. लाल गोळ्या खायाची मी. पाच महिने काळंच व्हतं. सोमवारपासून मला ठावं हाय, पन लाजंनं तोंडाला कुलूप लावून बसले. लाज सांभाळायच्या नादात पोटुशी पोर घराभायेर काढून राहिले व्हते मी!” ती बायांकडे वळली. “बोला की आता! कुणी खाल्ल्यात गोळ्या? महानंदा, तुझं कोणत्या रंगाचं व्हतं गं?”

महानंदानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, “काळंच की.”

“माझंबी!” “माझंबी, दोन्ही टायमाला!” “माझ्या सुनेचं आता चालू हाय!” बघता बघता अर्ध्या बाया उभ्या राहिल्या. कोणी हसत होत्या, कोणी रागानं लाल झालेल्या.

“मंग बाबा,” साखराबाई म्हणाली, “आमच्या गावातली समदी लेकरं करणीची झाली का?”

बाबांना नेमकं त्याच वेळी मागच्या दाराकडे जायचं आठवलं. पण मागच्या दारात दयानंद उभा होता आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आईला न विचारता एक काम केलं होतं. पोलीस ठाण्याला फोन लावला होता. जादूटोण्याच्या विरोधात राज्यात कायदा आहे, हे त्याला त्याच मोबाईलवर सापडलं होतं.

माईक पडून होता. भुजंगरावांनी तो उचलला, दोनदा फुंकर मारली.

“ऐका रे. मी सात महिने पाय हलवला न्हाई, पानी पेलो न्हाई, भाकर सोडली, टोस्ट खाल्ले, आन् खापर फोडलं पोरीवर. बाबानं मला फशिवलं खरं. पन पयले मी मलाच फशिवलं. चाला, पानी पेवा, भाजी-भाकर खा, लागली की उठा. चार दिवसांत न्हाई, पन महिन्यात फरक पडंल. आन् गोळी न खाता काळं झालं, बीट न खाता लाल झालं, वजन उतराया लागलं, तर बाबाकडं न्हाई, नीट दवाखान्यात जा. लाजू नका. मी कुठं लाजून राहिलो?”

पोटाला देव, धर्म, दिशा काही कळत नाही. त्याला आपण दिलेलं कळतं. जे दिसलं ते कशानं झालं, हा एक प्रश्न बोरतळ्यात पहिल्याच गुरुवारी कोणी विचारला असता, तर नळावरच्या घागरी जागच्या हलल्या नसत्या. तो विचारायला बी.एस्सी. लागत नाही, आणि त्याची लाज तर मुळीच वाटू नये.

शुक्रवार उजाडला. औशाची गाडी निघून गेली, तरी दीपमालाची पिशवी दाराशी तशीच होती. साखराबाईनं ती ओढून घेतली आणि एकेक साडी काढून परत कपाटात लावू लागली. सगळ्यात तळाला लाल गोळ्यांची पट्टी सापडली. तिनं पट्टीतून एक गोळी काढून तळहातावर घेतली, तांब्या भरला आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली.

“घे गं माय,” ती म्हणाली. “होऊ दे काळं.”